डोळ्यापुरता उपाय

डोळ्यास कमी दिसू लागले म्हणजे आमच्या भागात त्याचे निदान डॉक्टरकडे जाण्यापूर्वीच झालेले असते. माणूस पन्नाशीच्या अलीकडचा असेल तर ‘नंबर लागला’ आणि साठीच्या पलीकडचा असेल तर ‘मोतीबिंदू आला’, ही दोन वाक्ये ओसरीवर टेकलेला कोणीही पाहुणा बोलू शकतो. आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ वेळा ती खरीही ठरतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता इतकी सुलभ झाली आहे की, सकाळी गेलेला मनुष्य सायंकाळी काळा चष्मा लावून घरी परत येतो. त्यामुळे या दोन नावांच्या पलीकडे डोळ्यात आणखी काही उद्‌भवू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आम्ही येथे ज्या दुखण्याविषयी लिहीत आहोत ते या दोहोंपैकी नव्हते. ते डोळ्यात प्रकट झाले खरे, परंतु मूळचे डोळ्याचे नव्हते. स्तनात सुरू झालेला कर्करोग सहा वर्षांनी डोळ्यात येऊन उतरला होता. अशा वेळी डोळ्यावर किरणांचा उपचार करतात. तो मूळ रोग बरा करीत नाही, आयुष्य वाढवितो असेही त्याचे नाव नाही. मग तो करून घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आमच्या घरात पंधरा दिवस घोळत होता. वाचकांपैकी कोणावर तसा प्रसंग आला तर आमची हकीकत विचारास उपयोगी पडेल, म्हणून ती मांडीत आहोत.

कुरखेडा हे आमचे गाव पुष्कळांस नकाशावरही सापडावयाचे नाही. १९८२ सालच्या ऑगस्टात चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली निराळा झाला. तोपर्यंत आम्ही चांदेकर होतो. सती नदीचा काठ, सभोवार साग, मोह आणि तेंदू यांचे रान, आणि मधल्या सखल बांध्यांतून धान. आगगाडी पाहावयाची तर वडशास जावे लागते. मोठे दुखणे झाले तर वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड अशी गावे मागे टाकीत नागपूर गाठावे लागते, आणि पावसाळ्यात वैनगंगा फुगली म्हणजे तीही वाट बेभरवशाची होते.

आमची थोरली बहीण, जिला सारे घर आक्का म्हणे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्याकडेच राहावयास आली होती. मेहुणे आधीच गेले होते आणि मुलगा पुण्यास नोकरीवर होता. २०१७ साली तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. नागपुरास शस्त्रक्रिया झाली, मागाहून औषधाच्या सुया झाल्या, केस गेले आणि परत आले, गोळ्या पाच वर्षे चालल्या. त्या संपल्या तेव्हा ती अडुसष्टाव्या वर्षात होती, आणि घरात तो विषय मिटल्यासारखा झाला होता.

तिचा वेळ दोन कामांत जाई. गल्लीतील बायका बँकेचे, रेशनाचे, वनहक्काच्या दाव्यांचे कागद घेऊन तिच्याकडे येत. ते वाचून त्यांचा अर्थ सांगणे हे पहिले. दुसरे काम आईच्या वहीचे. आमची आई वर्ध्याकडची. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत तिकडे घरोघरी भुलाबाई मांडीत, आणि मुलींनी म्हणावयाची गाणी आईने लग्नापूर्वी एका वहीत पेन्सिलीने उतरून ठेवली होती. इतक्या वर्षांत कागद तपकिरी झाला, शिसे पुसट झाले. ती गाणी दुसऱ्या वहीत शाईने उतरून काढावयाची, असे आक्काने मनावर घेतले होते. हे काम डोळ्याचे होते. पुसट ओळ उजेडाकडे तिरपी धरून तीन-तीनदा पाहावी तेव्हा एखादे अक्षर लागे.

२०२२ च्या डिसेंबरात, मळणीच्या दिवसांत, ती एकदा आमच्या कुटुंबास म्हणाली, “अगं, ओसरीचा मधला खांब वाकला आहे का? वाळवी तर लागली नाही?” खांब सागाचा; ठोकून पाहिला तर टणक. दोरी सोडून पाहिली तर सरळ. मग आक्काने आपल्या मास्तरकीस शोभेल असाच प्रयोग केला. शाळेची एकेरी रेघांची वही समोर धरून आधी एक डोळा झाकला, नंतर दुसरा. डाव्या डोळ्यास रेघा सरळ दिसत; उजव्यास मधल्या चार-पाच रेघा फुगून बाजूला सरकल्यासारख्या दिसत. डोळ्याचे डॉक्टर याच परीक्षेसाठी चौकटी आखलेला एक छापील कागद बाळगतात, हे आम्हांस पुढे कळले. तिला दुखत नव्हते, डोळा लाल नव्हता, पाणी येत नव्हते.

चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला. रेघा वाकड्याच राहिल्या. पुढे एका शिबिरात कोणी बॅटरी मारून पाहिले आणि मोतीबिंदू आहे, पिकू द्या, असे सांगितले. थोडासा मोतीबिंदू खरोखरच होता, म्हणून सांगणाराने खोटे सांगितले असेही म्हणवत नाही. परंतु मोतीबिंदूने जग धूसर होते, खांब वाकत नाहीत. ही गोष्ट त्यास आक्काने सांगितली होती. ती ऐकून घेण्यास तेथे वेळ नव्हता, कारण मागे रांग होती. पूर्वी काय दुखणे झाले होते हेही कोणी विचारले नाही.

विचारले ते ब्रह्मपुरीच्या एका तरुण नेत्रवैद्याने. त्याने थेंब घालून बाहुली मोठी केली, अर्धा तास बसविले, आणि मग डोक्यास दिवा बांधून, हातात भिंग धरून तो डोळ्याच्या तळाशी बराच वेळ पाहत राहिला. मग दिवा बाजूस करून तो म्हणाला, “बाई, मागे एखादे मोठे दुखणे झाले होते का?” आक्काने सांगितले. त्याने सोनोग्राफी केली, एक चित्र काढून दाखविले, आणि नागपूरच्या डॉक्टरांस पत्र लिहून दिले. ते पत्र त्याने आमच्यापुढे मोठ्याने वाचून दाखविले, ही त्याची रीत आम्हांस फार आवडली. रोग्याच्या पाठीमागे त्याच्या रोगाविषयी कुजबुजण्याची जी चाल आपल्याकडे आहे, तिच्यापेक्षा हे कितीतरी बरे.

डोळ्यात काय झाले होते ते सांगावयास हवे. डोळ्याच्या आतल्या भिंतीवर, जेथे चित्र उमटते, ते दृष्टिपटल असते. आणि त्याच्या पाठीशी रक्तवाहिन्यांची दाट विणलेली एक चादर असते, तिला कोरॉइड म्हणतात. एवढ्याशा जागेत इतके रक्त शरीरात फार थोड्या ठिकाणी वाहत असेल. रक्तातून वाहत निघालेल्या कर्करोगाच्या पेशी येथे अडकतात व रुजतात. तेथे पिवळसर, सायीच्या रंगाचा चपटा उंचवटा तयार होतो, त्यातून पाणी झिरपते, आणि वरचे दृष्टिपटल फुगते. भिंतीत ओल शिरली म्हणजे गिलावा फुगतो तसे. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. मोठ्या माणसांच्या डोळ्यात जे कर्करोग आढळतात, त्यांत असे दुसरीकडून आलेलेच अधिक असतात. बायकांत ते बहुधा स्तनातून येतात, पुरुषांत फुप्फुसातून. आणि फुप्फुसाच्या बाबतीत कधी कधी मूळ रोगाची पहिली खबरच डोळा देतो. पर्ल्स नावाच्या जर्मन वैद्याने १८७२ साली असा पहिला रोगी नोंदविला.

रोग सर्व शरीरात रक्ताबरोबर फिरत असता तो ठरावीक जागीच का वसतो, हे कोडे लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली हाती घेतले. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि असे मांडले की, बी चहूकडे पडते, पण उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. या विचाराचे श्रेय त्यांनी फुक्स यांस दिले, आणि हे फुक्स डोळ्यांचेच वैद्य होते. आम्हां धानाच्या मुलखातील माणसांस ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. आवत्या पद्धतीने बी फेकले म्हणजे ते बांधीत पडते तसे धुऱ्यावर आणि वाटेवरही पडते. हिरवे होते ती बांधीच.

नागपुरास तपासण्या झाल्या. असे दुखणे एका डोळ्यात निघाले तर दुसरा डोळा व मेंदू हे दोन्ही पाहावे लागतात, कारण तेथेही ते असण्याचा संभव असतो. आक्काचा डावा डोळा आणि मेंदू निर्मळ होता. मात्र हाडांत दोन ठिकाणी ठिपके दिसले. म्हणजे रोग परत आला होता, आणि तो आता समूळ जावयाचा नव्हता. गोळ्या बदलून दिल्या. या गोळ्यांनी कित्येकदा डोळ्यातील गाठही विरते, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु त्यास महिने लागतात, आणि आक्काचा उंचवटा दृष्टीच्या ऐन केंद्राला भिडला होता. तितके दिवस वाट पाहिली तर रोग आटोक्यात येईल पण तोवर दृष्टी गेलेली असेल, म्हणून डोळ्यावर किरण द्यावेत, असा त्यांचा सल्ला होता.

आता घरातील मतभेद. भाचा पुण्याहून म्हणाला, “मामा, दुखणे हाडांत गेले आहे. आईला आता यंत्राखाली कशाला निजवायचे? दोन-तीन आठवडे नागपुरास परक्या घरी राहायचे, आणि बरे तर व्हायचे नाही. तिला शांतपणे राहू द्या.” तो आईवर जीव टाकणारा मुलगा, २०१७ साली औषधाच्या सुयांनी तिची झालेली दशा त्याने जवळून पाहिली होती, आणि उपचार म्हणजे तसेच काही असे त्याच्या मनाने घेतले होते. गावातील दोघा-तिघांनी रानातले औषध देणाऱ्या माणसांची नावे सुचविली. एका वृद्ध गृहस्थाने, एक डोळा चांगला आहे ना, मग चिंता कसली, असे विचारले. हे शेवटचे मत फार सामान्य आहे आणि वरकरणी शहाणपणाचे दिसते. परंतु चांगला असलेला डोळा चांगलाच राहील याची हमी कोणी द्यावयाची? शिवाय एका डोळ्यातील चित्र सरळ आणि दुसऱ्यातील वाकडे असले म्हणजे पायरी उतरताना, पाणी ओतताना, पुसट अक्षर पाहताना चांगला डोळाही घोटाळ्यात पडतो. आक्का त्या दिवसांत एक डोळा हाताने झाकून वाचीत असे आणि दहा मिनिटांत वही मिटी.

आमच्या कुटुंबाचे म्हणणे निराळे होते. “वन्संना दिसेनासे झाले तर त्यांना आपण घास भरवू, त्याचे काही नाही. पण त्या भरवून घेतील का?” असे तिने विचारले, आणि त्यास कोणापाशी उत्तर नव्हते. जन्मभर दुसऱ्यास वाचून दाखविलेल्या बाईचा तो स्वभाव नव्हता.

आमच्या मते या वादात मुख्य घोटाळा एका शब्दाचा होता. उपचार म्हटला की आपण विचारतो, याने बरे होईल काय? ‘नाही’ असे उत्तर आले की उरलेले सर्व उपचार एकाच टोपलीत टाकून आपण मोकळे होतो. वास्तविक जो रोग जावयाचा नाही, त्याने उरल्या दिवसांतून काय काय हिरावून न्यावे, यावर पुष्कळ झगडता येते. मरणाच्या आधी आंधळे होणे हे मरणाचे अंग नव्हे. ते एक स्वतंत्र संकट आहे, आणि त्यावर स्वतंत्र उपाय असेल तर त्याचा विचारही स्वतंत्रच केला पाहिजे.

निर्णय आक्कानेच केला. किरणोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना तिने तीन प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिला: याने माझे आयुष्य वाढेल काय? बाई म्हणाल्या, “तसे मी सांगणार नाही. हा उपाय डोळ्यापुरता आहे.” दुसरा: दुखेल काय, आणि मागच्यासारखे केस जातील काय? “दुखणार नाही. डोक्याचे केस जाणार नाहीत. कानशिलाजवळचे थोडे आणि पापणीचे कदाचित जातील.” तिसरा: डोळा किती दिवस टिकेल? यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही आहात तोवर टिकावा, असा आमचा प्रयत्न राहील.” आक्काने कागदाची घडी केली आणि सोमवारपासून येते म्हणून सांगितले. बाहेर आल्यावर तिने आम्हांस एवढेच म्हटले की, त्या बाई वर्गात चांगले शिकवतील.

या उपचारातील जे थोडेफार आम्हांस समजले ते असे. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांस क्ष-किरण सापडले, १८९८ साली क्युरी दांपत्याने रेडियम शोधले, आणि या दोन्हींचा कर्करोगावर उपयोग होतो हे अल्पावधीतच ध्यानी आले. आपल्याकडे मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. येथे रेडियमच्या उपचाराची सोय व्हावी, ही त्यांच्या पतीची, सर दोराबजींची, इच्छा होती, आणि त्यातूनच पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. आमच्या वैदर्भीयांस पुष्कळ वर्षे मुंबईच गाठावी लागे. तुकडोजी महाराजांचा १९६८ साली या रोगाने अंत झाला. त्यांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय नागपुरात उभे राहिले, आणि आता जामठ्यास राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. आमच्या जिल्ह्यात मात्र आम्ही गेलो तेव्हा किरणांचे एकही यंत्र नव्हते.

किरणांचे माप ग्रे नावाचे आहे. आक्कास ३० ग्रे द्यावयाचे ठरले, दररोज ३ प्रमाणे दहा दिवस. एकदम का देत नाहीत, असे आम्ही विचारले. निरोगी पेशी किरणांनी झालेली इजा दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात पुष्कळशी भरून काढते, कर्करोगाच्या पेशीस ते तितके साधत नाही. म्हणून थोडे थोडे देऊन दोघींमधील अंतर वाढवीत न्यावयाचे. कोणी दहा दिवसांत देतात, कोणी वीस दिवसांत ४० ग्रे देतात. जर्मनीत या दुसऱ्या मात्रेचा ५० रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग झाला, त्याचे फळ २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात बहुतेक डोळ्यांची दृष्टी एक तर सुधारली किंवा होती तेवढी टिकली.

किरण डोळ्याच्या समोरून सोडीत नाहीत. बुबुळामागचे नैसर्गिक भिंग फार नाजूक असते, ते किरणांनी गढूळ होते; म्हणून शलाका कानशिलाच्या बाजूने आणतात आणि तिची पुढची कड भिंगाच्या मागे राहील अशी बेतून घेतात. हे अंतर काही मिलिमीटरांचे. तेव्हा डोके जराही हलून चालत नाही. त्यासाठी प्लास्टिकची एक जाळीदार चादर गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवितात. थंड झाली की ती चेहऱ्याच्या आकाराची कडक होते, आणि रोज तीच चेहऱ्यावर चढवून मेजास अडकवितात. पहिल्या दिवशी ती निघाल्यावर आक्काच्या गालांवर चौकोन उमटले होते. “पुरणयंत्रात घातल्यासारखे झाले,” ती म्हणाली. त्यापलीकडे तक्रार नव्हती. सारा प्रकार दहा मिनिटांचा, त्यातही किरण एक-दोन मिनिटेच.

डोळ्यावर किरण द्यावयाची आणखी एक रीत आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण ती आपल्या घरची आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुभट्टीतील जळक्या इंधनाच्या टाकाऊ द्रवातून रुथेनियम-१०६ हे द्रव्य वेगळे काढतात आणि त्याच्या लहानशा वाट्या बनवितात. तशी वाटी डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीस टाके घालून बसवितात आणि नेमलेली मात्रा पुरी झाली की काढून घेतात. मूळच्या डोळ्यातच निघालेल्या गाठींस, विशेषतः लहान मुलांच्या, ती उपयोगी पडते. आक्काचा उंचवटा पसरट आणि नसेच्या जवळ होता, त्यामुळे तिला बाहेरूनच किरण देणे योग्य ठरले.

तिसऱ्या दिवशी आक्का यंत्राखालून उठली ती विचारातच. डोळे मिटलेले असताना निळा प्रकाश दिसला, असे ती म्हणाली. आम्हांस वाटले, मनाचा खेळ असेल. यंत्र चालविणाऱ्या मुलाने सांगितले की, पुष्कळांस दिसतो. त्याचे कारणही आता ठाऊक झाले आहे. किरणांमुळे डोळ्यातील द्रवात जे अतिवेगवान इलेक्ट्रॉन धावतात, त्यांच्यामुळे निळसर उजेड पडतो. १९३४ साली चेरेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला, आणि किरण घेणाऱ्या रोग्यांच्या डोळ्यात तो खरोखरच उत्पन्न होतो हे अमेरिकेत अलीकडे मोजून दाखविले आहे. तुर्भ्याची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या पाण्याच्या हौदात असाच निळा उजेड होता. नेहरूंनी तिचे नाव अप्सरा ठेवले. हे ऐकल्यावर आक्का रोज त्या उजेडाची वाट पाहू लागली. “आज अप्सरा फिकी होती,” असे बाहेर येऊन सांगावयाची.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेला उपचार पाडवा आणि रामनवमी या सुट्ट्या मधे येऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपला. आम्ही महालात आतेबहिणीकडे उतरलो होतो. नागभीडहून नागपुरास जाणारी लहान आगगाडी २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झालेली, त्यामुळे जाणेयेणे एस. टी.ने. रेल्वे कर्करोग्यास आणि त्याच्या सोबत्यास भाड्यात सवलत देते, ती आमच्या कामास आली नाही. एस. टी.ने मात्र नुकतेच, १७ मार्च २०२३ पासून, सर्व बायकांस निम्मे भाडे केले होते. आक्का ज्येष्ठ नागरिकाचे ओळखपत्र काढू लागली तेव्हा कंडक्टर म्हणाला, “आजी, ते ठेवून द्या. आता बाई असले की पुरे.”

रुग्णालयाच्या बाकावर गोंदिया, भंडारा, बालाघाट, बैतूल अशा ठिकाणांहून आलेली माणसे भेटत. निम्म्याहून अधिक पुरुष तोंडाच्या रोगाचे, आणि त्यांतील पुष्कळांस तो खर्ऱ्याने दिलेला. आमच्या तालुक्यात शाळकरी पोरांच्याही खिशात खर्ऱ्याची पुडी सापडते. दुकाने बंद होतात ती भाषण देणारे पाहुणे निघून जाईपर्यंत. असो, तो विषय स्वतंत्र आहे.

उपचाराचे त्रास थोडे झाले. डोळा लाल झाला, खुपू लागला, कानशिलाची कातडी काळवंडली, उजव्या पापणीचे केस विरळ झाले. डोळा कोरडा पडतो म्हणून थेंब दिवसातून चार-सहा वेळा घालावे लागत, ते पुढे चालूच राहिले. पुढे दोन-तीन वर्षांनी मोतीबिंदू लवकर वाढेल, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. “वाढू द्या, तेवढी वर्षे मिळाली तर तोही काढून घेऊ,” असे आक्का म्हणाली, आणि त्यावर दोघी हसल्या. आम्हांस हसू आले नाही.

फळ लागलीच दिसत नाही, ही गोष्ट अशा रोग्याच्या घरच्यांनी आधीच मनाशी बांधून ठेवावी. आम्ही कुरखेड्यास परतलो तेव्हा मोहफुले वेचणे चालू होते आणि खांब तसाच वाकडा होता. महिना गेला, काही नाही. भाच्याचा रोज फोन येई, आणि ‘मी सांगत होतो’ असे तो चुकूनही म्हणत नसे. त्या न म्हणण्याचेही ओझे वाटे. मेच्या अखेरीस रेघा थोड्या खाली बसल्यासारख्या तिला वाटल्या. जूनमध्ये ब्रह्मपुरीच्या नेत्रवैद्याने पुन्हा बाहुली मोठी करून पाहिले. पाणी बहुतेक आटले होते, उंचवटा सपाट होऊन तेथे करडे, चितकबरे डाग राहिले होते, आणि समोरच्या फळ्यावरील अक्षरांच्या दोन ओळी ती आता अधिक वाचू शकत होती. यात किरणांचा वाटा किती आणि बदललेल्या गोळ्यांचा किती, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “इतक्या लवकर एवढे पाणी आटले, त्यात किरणांचाच वाटा मोठा असावा. पुढे डोळा राहील तो दोघांच्या बळावर.” डागांच्या जागी थोडी अंधुकता कायम राहिली. वाचताना ओळीतील एखादे अक्षर गळे, मग मान किंचित कलती करून ती ते पकडी.

भाचा दिवाळीस आला तेव्हा आईने त्याला वाचून दाखवावयास सांगितले नाही; तिने त्याच्याच मोबाइलवरील त्याच्या मुलीचे पत्र स्वतः वाचले. तो ओसरीवर जाऊन बसला. आम्ही त्याला काही विचारले नाही.

त्यानंतर आक्काला दहा-अकरा महिने मिळाले. त्यांतील आठ चांगले होते. कागद घेऊन येणाऱ्या बायकांची संख्या वाढली, कारण आक्काचा डोळा नागपुरास जाऊन बरा झाला अशी गावात वार्ता होती, आणि अशा डोळ्याने वाचलेला कागद अधिक खरा असे काहींस वाटत असावे. २०२४ च्या उन्हाळ्यात रोग यकृतात उतरला. मग खाणे तुटले, अंगात बळ राहिले नाही. भाद्रपदात ती गेली. शेवटच्या आठवड्यात बोलणे क्षीण झाले होते, पण खोलीत कोण आले हे ती दाराकडे पाहून ओळखी.

आईच्या वहीतील त्रेचाळीस गाण्यांपैकी एकोणचाळीस तिने शाईने उतरून ठेवली आहेत. अक्षर शाळेच्या फळ्यावर असावे तसे गोल आहे. उन्हाळ्यानंतरची तीन पाने तेवढी कापरी आहेत. जेथे आईचे शिसे अगदीच पुसले गेले होते, तेथे तिने अंदाजाने शब्द घातला नाही, रेघ मारून जागा कोरी सोडली आहे. अशा एकंदर सात जागा आहेत. त्यांपैकी दोन आमच्या गल्लीतील एका म्हाताऱ्या बाईने, जिचे माहेर आर्वीकडचे आहे, गाणे म्हणून दाखवून भरून दिल्या.